रडार रिसीव्हरचा मिक्सर: शॉट्की डायोड निवडणं, तपासणं, जोडणं आणि मोजणं

जहाजांवरच्या एक्स-बँड रडारचा मॅग्नेट्रॉन, म्हणजे सूक्ष्मलहरी निर्माण करणारी नळी, ९.४१ गिगाहर्ट्झला काही किलोवॅटचा स्पंद सोडतो. दूरच्या होडीवर आपटून जे परत येतं, ते एका मिलिवॅटच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असू शकतं. इतका क्षीण सिग्नल ९.४१ गिगाहर्ट्झवरच शेवटपर्यंत वाढवत नेणं आणि नेमक्या रुंदीच्या फिल्टरमधून काढणं महाग आणि अवघड पडतं. म्हणून तो आधी ६० मेगाहर्ट्झवर उतरवतात. हे काम मिक्सरचं, आणि मिक्सरमध्ये खरं काम करतात ते एक-दोन शॉट्की डायोड.

मिक्सर बिघडला की लोक लगेच स्पेक्ट्रम ॲनालायझरकडे धावतात. आमचा सल्ला उलटा आहे: आधी साधा मल्टिमीटर उचला. मिक्सरच्या पट्टीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, एकाच वेळी तीन सर्किटं चालू असतात. एक ९.४ गिगाहर्ट्झचं, एक ६० मेगाहर्ट्झचं आणि एक डीसीचं. कागदावर ही तीन वेगवेगळी काढा आणि प्रत्येकातला प्रवाह कुठून निघून कुठे परत येतो ते बोटाने फिरवून पाहा. न चालणाऱ्या मिक्सरमध्ये बहुतेक वेळा डीसीची किंवा ६० मेगाहर्ट्झची परतीची वाट तुटलेली सापडते.

डायोडच्या आत काय चालतं

साध्या पी-एन डायोडमध्ये पुढच्या दिशेने प्रवाह चालू असताना अल्पसंख्य वाहक साठतात. दिशा उलटली की ते निघून जायला वेळ लागतो. १एन४१४८ या नेहमीच्या सिलिकॉन डायोडला सुमारे ४ नॅनोसेकंद लागतात, आणि ९.४१ गिगाहर्ट्झचं एक आवर्तन ०.१०६ नॅनोसेकंदाचं. म्हणजे हा डायोड बंद व्हायच्या आत सदतीस-अडतीस आवर्तनं उलटून जातात. शॉट्की डायोडमध्ये धातू थेट एन-प्रकारच्या सिलिकॉनवर बसवलेला असतो. प्रवाह फक्त इलेक्ट्रॉनांचा, म्हणजे बहुसंख्य वाहकांचा असतो, त्यामुळे साठवणुकीचा प्रश्नच उरत नाही.

मग वेगाला मर्यादा घालतात त्या दोन गोष्टी: जंक्शनची धारिता आणि तिच्याशी एकसर असलेला रोध. उदाहरण म्हणून एसएमएस७६२१ हा शॉट्की डायोड घ्या. मॉडेलप्रमाणे त्याची शून्य व्होल्टला धारिता ०.१ पिकोफॅरड आणि एकसर रोध १२ ओहम. यांच्या गुणाकारावरून छेद-वारंवारता, म्हणजे डायोडच्या वेगाची वरची सीमा, सुमारे १३३ गिगाहर्ट्झ निघते, आपल्या कामाच्या वारंवारतेच्या चौदा पट. एवढं अंतर पुरेसं आहे. ९.४१ गिगाहर्ट्झला ०.१ पिकोफॅरडची प्रतिबाधा साधारण १७० ओहम येते. १एन४१४८ची धारिता ४ पिकोफॅरडपर्यंत असू शकते, तिची प्रतिबाधा जेमतेम ४ ओहम. जंक्शन उघडं असो की बंद, सिग्नल शेजारून निघून जातो.

मिसळण्याची क्रिया अशी. डायोडचा चलरोध साधारण २६ मिलिव्होल्ट भागिले प्रवाह एवढा असतो, म्हणजे १ मिलिअँपला २६ ओहमच्या आसपास आणि १० मायक्रोअँपला २,६०० ओहम. लोकल ऑसिलेटरचा, म्हणजे रिसीव्हरमधल्याच स्वतंत्र सिग्नल-स्रोताचा, जोरदार सिग्नल दर आवर्तनात हा रोध असा वर-खाली हलवतो. अँटेनाकडून आलेला क्षीण सिग्नल या हलत्या रोधातून जाताना त्या दोघांचा गुणाकार होतो, आणि गुणाकारातून बेरीज आणि वजाबाकी या दोन्ही वारंवारता निघतात. लोकल ऑसिलेटर ९.३५ गिगाहर्ट्झला ठेवला, तर ९.४१मधून तो वजा होऊन ६० मेगाहर्ट्झ मिळतात. बेरीज १८.७६ गिगाहर्ट्झची, ती आपल्याला नको.

या कामाला अर्धवाहक नवा नाही. जगदीशचंद्र बोस यांच्या गॅलेना डिटेक्टरला १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात सेंटिमीटर-लांबीच्या लहरींवर व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) अडखळू लागले, तेव्हा सिलिकॉनवर टंगस्टनच्या तारेचं टोक टेकवलेले डायोड पुढे आले: ३ गिगाहर्ट्झसाठी १एन२१, एक्स-बँडसाठी १एन२३. ते शिशाच्या पत्र्यात गुंडाळून येत, कारण स्थिर विजेनेही ते जात. ही नाजूक प्रकृती आजच्या डायोडांनीही सोडलेली नाही.

एक डायोड की दोन

एकच डायोड वापरला तर लोकल ऑसिलेटरचा स्वतःचा आवाज, म्हणजे त्याच्या पातळीतली बारीक थरथर, थेट ६० मेगाहर्ट्झवर उतरते आणि होडीचा प्रतिध्वनी तिच्यात बुडतो. दोन डायोडांच्या बॅलन्स्ड मिक्सरमध्ये हा आवाज आपापसात कटतो. आमच्या मते रडारसाठी एका डायोडचा मिक्सर करण्यात काही अर्थ नाही, फक्त डिटेक्टर म्हणून तो ठीक.

इथे रॅट-रेस रिंग घेऊ, म्हणजे सिग्नल दोन वाटांत विभागणारी, पट्टीवर छापलेली गोल रेघ. रिंगच्या एका अर्ध्या भागावर चार तोंडं पाव-पाव तरंगलांबीवर असतात आणि पहिल्या ते चौथ्या तोंडामधला उरलेला भाग पाऊण तरंगलांबीचा. दुसऱ्या तोंडातून अँटेनाचा सिग्नल द्या, तो पहिल्या आणि तिसऱ्या तोंडावर सारख्याच कलेत (फेजमध्ये) पोहोचतो. चौथ्या तोंडातून लोकल ऑसिलेटर द्या, तो त्याच दोन तोंडांवर विरुद्ध कलेत पोहोचतो. म्हणून डायोड पहिल्या आणि तिसऱ्या तोंडावर, आणि एक सरळ, एक उलटा. मग लोकल ऑसिलेटर दोघांना एकाच क्षणी चालू करतो, दोघांतून आलेले ६० मेगाहर्ट्झचे प्रवाह एकत्र जोडल्यावर बेरजेत पडतात आणि ऑसिलेटरचा आवाज वजाबाकीत. दोन्ही डायोड एकाच दिशेने लावले तर नेमकं उलट होतं: सिग्नल कटतो, आवाज उरतो. सोल्डर करण्याआधी पट्टीवर दिशेच्या खुणा छापून घ्या.

पट्टी आणि मापं

एफआर४, म्हणजे नेहमीच्या सर्किट बोर्डाचं काचतंतूचं साहित्य, वापरू नका. या वारंवारतेला त्यात ऱ्हास जास्त होतो आणि त्याचा परावैद्युतांक एका लॉटमधून दुसऱ्या लॉटमध्ये बदलतो, मग रिंगची लांबी चुकते. रॉजर्स ४००३सी हा उच्च वारंवारतेसाठीचा बोर्ड, ०.५०८ मिमी जाडीचा, घ्या. डिझाइनसाठी परावैद्युतांक ३.५५ धरा. त्यावर ही मापं येतात:

- ५० ओहमची रेघ: रुंदी १.१४ मिमी
- रिंगची ७०.७ ओहमची रेघ: रुंदी ०.६२ मिमी
- रिंगचा मध्यरेषेवरचा परीघ: २९.३ मिमी, म्हणजे व्यास ९.३ मिमी; दोन तोंडांमधलं अंतर ४.८८ मिमी, मध्यापासून ६० अंशांवर
- डीसी-परतीची फांदी: १०० ओहमच्या आसपास, रुंदी ०.२७ मिमी, लांबी ५ मिमी, टोकाला जमिनीशी (ग्राउंडशी) जोडणारं छिद्र

ही फांदी लोकल ऑसिलेटरच्या रेघेवर, रिंगजवळ लावा. ती पाव तरंगलांबीची आणि टोकाला शॉर्ट असल्यामुळे ९.४ गिगाहर्ट्झला जवळजवळ अदृश्य असते, पण डीसीला आणि ६० मेगाहर्ट्झला सरळ जमीन. अनेक नकाशांत नेमकी हीच विसरलेली असते. ती नसेल तर ६० मेगाहर्ट्झचा प्रवाह रिंगमधून जमिनीकडे परत जायला वाट शोधतो, आणि वाट मिळते ती जोडलेल्या उपकरणांच्या केबलमधून. मग केबल बदलली की मिक्सरचा ऱ्हास बदलतो आणि कारण काही केल्या कळत नाही.

डायोडाचं दुसरं टोक ९.४ गिगाहर्ट्झला जमिनीवर असायला हवं. त्यासाठी त्या पॅडलाच चिकटून पंख्याच्या आकाराची उघडी फांदी काढा, त्रिज्या ४ मिमीच्या आसपास. इथे चिप कपॅसिटर लावायचा मोह आवरा, त्याचा स्वतःचा इंडक्टन्स या वारंवारतेला घात करतो. डायोडाच्या आवरणाचंही तसंच. एससी-७९ आवरणाचा इंडक्टन्स सुमारे ०.७ नॅनोहेन्री, म्हणजे ४१ ओहम. एसओटी-२३चा त्याच्या दुपटीहून थोडा जास्त. लहान आवरणच घ्या.

पहिल्या आणि तिसऱ्या तोंडाच्या मधून सिग्नलची रेघ बाहेर जाते, त्यामुळे दोन डायोडांची ६० मेगाहर्ट्झची टोकं एकमेकांना थेट जोडता येत नाहीत. इथे सरळ पातळ इन्सुलेटेड तार वरून न्या. तिचे १० नॅनोहेन्री धरले तरी ६० मेगाहर्ट्झला ४ ओहमच होतात. मात्र तार पंख्यांच्या पलीकडच्या टोकाला जोडा, डायोडाच्या पॅडवर नाही.

प्रत्येक पायात, पंखा आणि जोडबिंदू यांच्यामध्ये, १० ओहमचा रोध आणि त्याला समांतर १ नॅनोफॅरड लावा. जोडबिंदूपासून जमिनीला २.२ मायक्रोहेन्रीचा चोक, ज्याचा स्वतःचा अनुनाद ६० मेगाहर्ट्झच्या वर आहे असा. पुढच्या ॲम्प्लिफायरकडे १ नॅनोफॅरडमधून जा. या स्वस्त भागांमुळे प्रत्येक डायोडाचा प्रवाह वेगळा मोजता येतो. चोक नसेल तर दोन्ही डायोड डीसीला एकाच साखळीत येतात, प्रवाह सक्तीने सारखा राहतो आणि एक डायोड दुबळा झाला तरी मीटरवर दिसत नाही.

सोल्डर करण्याआधी डायोड तपासा

जुन्या काट्याच्या मल्टिमीटरची ओहम × १ रेंज वापरू नका, तिच्यातून येणारा प्रवाह या डायोडांना मारू शकतो. डिजिटल मीटरचा डायोड मोडही उलट्या दिशेने फसवतो: त्याचा उघडा व्होल्टेज ३ व्होल्टच्या आसपास असतो आणि एसएमएस७६२१चा ब्रेकडाउनही (उलट्या दिशेने प्रवाह वाहू लागण्याची मर्यादा) ३ व्होल्टलाच, त्यामुळे चांगला डायोडही उलटा गळका वाटतो.

त्याऐवजी ९ व्होल्टची बॅटरी आणि ८२० किलोओहम, ८२ किलोओहम, ८.२ किलोओहम असे १ टक्क्याचे तीन रोध घ्या. त्यांतून सुमारे १० मायक्रोअँप, १०० मायक्रोअँप आणि १ मिलिअँप मिळतात. फक्त पुढच्या दिशेने जोडा, उलटं जोडल्यास ९ व्होल्टमुळे ब्रेकडाउन होईल. डायोडावरचा व्होल्टेज तिन्ही वेळा लिहून ठेवा. मॉडेलच्या आकड्यांवरून एसएमएस७६२१साठी साधारण ०.१५०, ०.२१४ आणि ०.२८७ व्होल्ट अपेक्षित आहेत. खोलीच्या तापमानाने काही मिलिव्होल्टचा फरक पडेल.

हे तीन आकडे बरंच सांगतात. प्रवाह दहापट झाला की व्होल्टेज साधारण ६३ मिलिव्होल्टने वाढायला हवा. पहिल्या दोन आकड्यांत तो तसाच दिसतो. शेवटच्या टप्प्यात ७३ येतो. वरचे १० मिलिव्होल्ट एकसर रोधाचे. त्यांना ०.९ मिलिअँपने भागा, ११-१२ ओहम मिळतात, म्हणजे डायोड निरोगी. एकसर रोध २० ओहमच्या वर निघाला तर रूपांतराचा ऱ्हास वाढणार. स्थिर विजेचा फटका बसलेला डायोड १ मिलिअँपला अगदी ठीक दिसतो, पण १० मायक्रोअँपला व्होल्टेज घसरलेला असतो, कारण जंक्शनला समांतर गळतीची वाट तयार झालेली असते. म्हणून १० मायक्रोअँपचं वाचन सगळ्यात मोलाचं. तेच टाळून लोक १ मिलिअँपवर निभावतात.

जोडी लावताना १०० मायक्रोअँपला दोघांत ५ मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक नको. ५ मिलिव्होल्टच्या फरकाने प्रवाहात सुमारे २० टक्के तफावत पडते आणि १० मिलिव्होल्टने ४४ टक्के. एकाच रीळातले, शेजारशेजारचे डायोड घेतले तर जोडी सहज जुळते.

सोल्डर करताना मनगटाला १ मेगाओहममधून जमिनीशी जोडलेला पट्टा, सोल्डरिंग आयर्नचं टोक जमिनीशी जोडलेलं, टोकाचं तापमान ३२० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि प्रत्येक पॅडवर तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. कोरड्या हवेत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पट्ट्याशिवाय डायोडाला हात लावू नका.

चालू करणं

सगळं केबलनेच जोडा, अँटेना लावू नका. सिग्नलच्या तोंडाला ५० ओहमचं टर्मिनेशन लावून लोकल ऑसिलेटर ९.३५ गिगाहर्ट्झला द्या. ० डीबीएमपासून (म्हणजे १ मिलिवॅटपासून) सुरुवात करून हळूहळू १० डीबीएमपर्यंत चढा. १० ओहमच्या प्रत्येक रोधावर १० ते २० मिलिव्होल्ट दिसायला हवेत, म्हणजे १ ते २ मिलिअँप, आणि दोघांची चिन्हं विरुद्ध.

एकावर १५ आणि दुसऱ्यावर ४ मिलिव्होल्ट दिसले, तर आधी ऑसिलेटर ९.२ ते ९.५ गिगाहर्ट्झ फिरवून पाहा. तफावत वारंवारतेबरोबर बदलत असेल तर दोष रिंगचा किंवा पंख्याचा, बदलत नसेल तर डायोडाचा. दोन्हींवर शून्य असेल आणि ऑसिलेटर पोहोचतोय याची खात्री असेल, तर जमिनीचं छिद्र पाहा. दोन्हींचं चिन्ह एकच असेल तर एक डायोड उलटा लागला आहे.

प्रवाह वाढवत नेला की ऱ्हास कमी होत जातो, पण साधारण १३ डीबीएमच्या वर फायदा थांबतो आणि आवाज वाढू लागतो. उलट्या अर्धआवर्तनात ३ व्होल्टचा ब्रेकडाउनही जवळ येतो.

मग सिग्नलच्या तोंडाला ९.४१ गिगाहर्ट्झ, −२० डीबीएम द्या आणि ६० मेगाहर्ट्झवर पातळी वाचा. केबलचा ऱ्हास आधी मोजून वजा करा. या वारंवारतेला एक मीटरची स्वस्त केबल सहज १-२ डीबी खाते आणि दोष मिक्सरच्या माथी येतो. −२६.५ ते −२८ डीबीएम म्हणजे ६.५ ते ८ डीबी ऱ्हास, हा पहिल्या पट्टीसाठी चांगला निकाल. सिग्नल १० डीबीने वाढवा, उत्तरही १० डीबीनेच वाढलं पाहिजे. ९.५ वाढलं तर ऑसिलेटरची पातळी कमी पडते आहे. ऱ्हास १० डीबीच्या पुढे असेल तर डायोडाजवळच्या रेघेवर तांब्याच्या पत्र्याचा २ × १ मिमीचा तुकडा लाकडी काडीने सरकवत पाहा. आकडा सुधारला त्या जागी सोल्डर करा.

आवाज आणि प्रतिमा-वारंवारता

९.३५च्या खाली ६० मेगाहर्ट्झवर, म्हणजे ९.२९ गिगाहर्ट्झवर, जे काही असेल तेही ६० मेगाहर्ट्झवरच उतरतं; हीच प्रतिमा-वारंवारता. तिथे दुसरं रडार नसलं तरी आवाज असतोच. वाय-फॅक्टर पद्धतीने (नॉइज सोर्स चालू आणि बंद ठेवून) आवाजांक, म्हणजे रिसीव्हर स्वतः किती आवाज मिसळतो ते, मोजताना नॉइज सोर्स दोन्ही बाजू भरतो, त्यामुळे मीटर सुमारे ३ डीबी चांगला आकडा दाखवतो. १५ डीबीच्या सोर्सने १०.४ डीबीचा फरक दिसला तर मीटर आवाजांक ५ डीबी सांगेल. रडारला एकच बाजू हवी असते, तिच्यासाठी तो ८ डीबी धरा.

मिक्सरच्या आधी, अँटेनाच्या बाजूला, २० डीबी वाढ आणि २ डीबी आवाजांकाचा ॲम्प्लिफायर लावला की साखळीचा आवाजांक २.१ डीबीवर यावा, असं गणित सांगतं. प्रत्यक्षात ५ डीबीच्या आसपास येतो, कारण ॲम्प्लिफायर स्वतःचा ९.२९ गिगाहर्ट्झचा आवाजही वाढवून मिक्सरला देतो. फिल्टर ॲम्प्लिफायरच्या नंतर हवा. आधी लावलेला फिल्टर त्याने निर्माण केलेला आवाज थांबवू शकत नाही. १२० मेगाहर्ट्झच्या अंतरावर धारदार फिल्टर बसत नसेल तर दोन मिक्सर ९० अंशांच्या कलांतराने चालवून प्रतिमा कापतात. त्यात १ डीबी आणि १० अंशांची चूक राहिली तरी प्रतिमा २० डीबीने दबते, आणि आवाजाच्या दृष्टीने तेवढं पुरतं.

स्वतःच्याच स्पंदापासून बचाव

४ किलोवॅट म्हणजे ६६ डीबीएम. सर्क्युलेटर (मॅग्नेट्रॉन, अँटेना आणि रिसीव्हर यांच्यात शक्ती एकाच दिशेने फिरवणारा भाग) २० डीबी अडवतो म्हणून रिसीव्हरकडे ४६ डीबीएम जाईल, हा हिशेब अपुरा आहे. अँटेनाचा व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परतते याचं माप) १.५ असला तर १४ डीबी खाली परतलेली शक्ती सर्क्युलेटरच्या सरळ वाटेने रिसीव्हरकडे येते: ५२ डीबीएम, सुमारे १६० वॅट. वेव्हगाइडच्या जोडात खारं पाणी शिरलं की हा आकडा आणखी चढतो. कोकण किनाऱ्यावरच्या बोटींत डायोड वारंवार जात असतील तर नवा डायोड लावण्याआधी ते जोड उघडून पाहा.

मधे पिन डायोडांचा लिमिटर, म्हणजे जोरदार सिग्नल अडवणारा भाग, असतो; पिन डायोडात पी आणि एन यांच्यामध्ये आणखी एक थर असतो. त्याच्या मधल्या थरात वाहक भरायला काही नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात निसटणारा टोकदार स्पंद मिक्सरच्या डायोडाला हळूहळू खातो. म्हणून जाड थराच्या पिन डायोडामागे पातळ थराचा दुसरा लावतात: पातळ आधी चालू होतो, जाड पुढचा भार उचलतो. स्पंद संपल्यावर वाहक ओसरायला जो वेळ लागतो, त्यात रडार आंधळं असतं, दर मायक्रोसेकंदाला १५० मीटर.

चालू रडारमध्ये दूरची लक्ष्यं हरवली की डायोडांचे दोन प्रवाह आधी वाचा. रडारचं खोकं उघडताना मॅग्नेट्रॉनचा वीजपुरवठा बंद आणि उच्च दाबाचे कपॅसिटर रिकामे केलेले हवेत. दोन्ही प्रवाह ठीक आणि सारखे, तरी लक्ष्यं क्षीण, तर संशय लिमिटरवर: शॉर्ट झालेला पिन डायोड सिग्नललाही कायमचा अडवतो आणि मिक्सरच्या प्रवाहावर त्याचा मागमूस नसतो. प्रवाह ठीक आणि लक्ष्यं फक्त रडार तापल्यावर हरवतात, तर मॅग्नेट्रॉनची वारंवारता तापमानाबरोबर काही मेगाहर्ट्झ खाली सरकली आहे आणि लोकल ऑसिलेटर तिच्यामागे गेलेला नाही. लांब स्पंदाच्या अरुंद फिल्टरमध्ये हे आधी जाणवतं, आखूड स्पंदावर चित्र ठीकच राहतं. ट्यूनिंग हाताने फिरवल्यावर लक्ष्यं परत आली तर मिक्सरला हात लावायची गरज नाही. एकच प्रवाह घसरला असेल तर दोन्ही डायोड एकदम बदला. नव्याची जुन्याशी जोडी जमत नाही, आणि ज्या स्पंदाने एक मारला त्याने दुसऱ्यालाही फटका दिलेला असतो. काढलेला दुसरा डायोड १० मायक्रोअँपवर तपासून पाहा, गळती बहुधा तिथे सापडेल.